शेवटच्या रांगेतला सहावा

पुतणीने पाकीट फोडलं, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि पहिल्या दोन ओळी मनातल्या मनात वाचून झाल्यावर ती हसली.

"सुटलो, मोठी आई. तळघर स्वच्छ निघालं. आकडा बघ किती कमी आलाय."

थोरलीने आकडा बघितला नाही. ती चहाचा कप विसळत होती. तो विसळून झाला तशी तिने पुन्हा विसळायला घेतला. स्वच्छ हा शब्द तिच्या आवडीचा. उभ्या गल्लीत तिच्या घराइतकं स्वच्छ घर नव्हतं, आणि कोणाला ते ठाऊक नसेल तर ती स्वतःच सांगायची. पण आज तो शब्द कानात पाणी जावं तसा अडकून बसला.

"कागद काय पळून जातोय," ती म्हणाली. "ठेव तिथे."

पुतणीला मात्र घाई होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि येत्या सोमवारपासून शाळा सुटल्यावर गल्लीतल्या पंधरा मुलांची शिकवणी तिला तळघरात सुरू करायची होती. खोली ऐसपैस, थंड, आठ वर्षं रिकामी पडलेली. मोजणीचा कागद येईपर्यंत थांबायचं हे तिचं तिनेच ठरवलं होतं. शिकलेली पोर, नियमाने चालणारी. आता कागद आला होता.

थोरलीने एवढंच विचारलं, की गच्चीवरच्या खोलीत नाही का मावणार पोरं. पुतणी म्हणाली, तिथे दुपारचा पत्रा तापतो. समोरच्या खोलीचं नाव कोणीच काढलं नाही. समोरची खोली थोरलीची. तिथे आल्यागेल्याने जोडे बाहेर काढून यायचं, खुर्चीच्या कडेवर टेकायचं, दहा मिनिटांत बोलायचं ते बोलायचं आणि उठायचं, असा त्या घराचा शिरस्ता होता. तिथे पंधरा पोरं बसवायची म्हणजे देव्हाऱ्यात कोंबड्या सोडण्यासारखं.

मोजणीचं असं झालं होतं. ही सगळी वस्ती एका जुनाट खडकावर उभी आहे आणि त्या खडकाच्या पोटात कसलासा धातू युगानुयुगं झिजत पडला आहे, असं नगरपालिकेला कळलं होतं. झिजता झिजता तो एक वायू सोडतो. वायू भेगांतून वर चढतो आणि ज्या घराला तळघर असेल तिथे येऊन बसतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. माणूस वर्षानुवर्षं तो ओढत राहतो आणि एक दिवस छातीचं दुखणं निघतं. म्हणून घरोघर डबी टांगायला एक बाई येऊन गेली होती.

ती आली ती थोरलीला आजी म्हणाली. थोरलीने ऐकवलं, की मी तुझी आजी असते तर तुला बूट दाराबाहेर काढायला शिकवलं असतं. बाई बिचारी बूट काढून खाली उतरली. डबी काळी, औषधाच्या डबीएवढी. तिला ना वायर, ना दिवा, ना आवाज. तीन महिने हलवायची नाही, झाकायची नाही, आणि टांगायची ती माणूस बसल्यावर त्याचं नाक जिथे येतं त्या उंचीवर. बाईने खोलीभर नजर फिरवली. दाराजवळ एक शिलाई मशीन होतं, मागच्या भिंतीशी दुसरं. मागच्या मशीनसमोर खुर्ची होती आणि तिची पाठ भिंतीला घासून घासून भिंतीवर एक तुळतुळीत पट्टा उमटला होता.

"इथे कोण बसायचं?" बाईने विचारलं.

"माझी जाऊ."

"किती वर्षं?"

थोरलीने हिशेब केला नाही, कारण तो तिला पाठ होता. "सव्वीस," ती म्हणाली. खिळ्याला दोरी बांधून तिने डबी बरोबर त्या खुर्चीवर सोडली.

दोघी जावा त्या तळघरात डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायच्या. नवरे दोघे भाऊ, दोघेही लवकर गेले. मागे दोन बायका आणि धाकटीची एक पोर उरली. थोरलीने हात पसरले नाहीत. चार मोठ्या इस्पितळांचं काम तिने धरलं ते शिस्तीवर. पांढऱ्या कापडाला धुळीचा एक ठिपका लागला तर गठ्ठाच्या गठ्ठा परत येतो. म्हणून तिने खिडक्यांच्या फटींवर खळ लावून कापडी पट्ट्या चिकटवल्या, दरवर्षी जुन्यांवर नव्या. पंखा लावायचा नाही, तंतू उडतात. दार उघडं टाकायचं नाही. तिचे कोट इतके निर्मळ जायचे, की इस्पितळातली माणसं म्हणायची, हे घरात शिवतात की ढगात.

ती स्वतः दाराशी बसायची. येणारं गिऱ्हाईक, निघणारा गठ्ठा तिच्या नजरेखालून जायला हवा. धाकटीला तिने मागच्या भिंतीशी बसवलं होतं. धाकटीला बोलायची हौस. दाराशी बसवली तर रस्त्यावरच्या पाखराशीसुद्धा गप्पा मारेल. त्या भिंतीखाली, फरशी भिंतीला मिळते तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत केसासारखी बारीक भेग होती.

"जाऊबाई," धाकटी एकदा म्हणाली होती, "इथे पायांना कोणीतरी फुंकर घालतं."

"बरंच की," थोरली म्हणाली होती. "तुला पंखा लागायचा नाही."

आठ वर्षांपूर्वी धाकटी गेली, छातीनेच. डॉक्टरांनी तीन-तीनदा विचारलं, ही विडी-सिगारेट ओढत होती का. जिने जन्मात काडी ओढली ती स्टोव्ह पेटवण्यापुरती, तिच्याबद्दल हे विचारावं. तेव्हा गल्लीत कोणी कोणी कुजबुजलं, की त्या बंद खोलीनेच खाल्लं तिला. थोरलीने अशांची तोंडं जागच्या जागी बंद केली. पुढे तिने काम सोडलं आणि खोलीला कडी घातली.

डबी टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, ती तळघरात उतरली होती. काही कामाने नव्हे. चौथ्या पायरीवर आली आणि थबकली. दार बंद, खिडक्या बंद, वारा म्हणून नाही, आणि डबी दोरीवर हळूहळू फिरत होती. अर्धा वळसा इकडे, अर्धा वळसा तिकडे. शिवता शिवता, कोण आलं ते बघायला माणूस मान वळवतं ना, तशी. आणि होती ती बरोबर चेहऱ्याच्या उंचीवर.

"बघतेस काय," थोरली म्हणाली.

तिने डबी सोडवली, पदराखाली झाकली आणि गच्चीवरच्या खोलीत नेऊन खिडकीत ठेवली. एक दिवसापुरती, असं मनाशी म्हणाली. एकाचे दोन झाले, दोनाचे नव्वद. तिथे चारी दिशांचं वारं डबीवरून जायचं. बाई न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तिने डबी पुन्हा खिळ्याला टांगली, होती तशी, दोरीला तीच गाठ मारून. गाठी मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सोमवारी शिकवणी सुरू झाली. पुतणीने मागच्या भिंतीवर, त्याच खिळ्याला, एक मोठा तक्ता लावला. तिच्याच शाळेतला जुना, कडा पिवळ्या पडलेला. जगातली सगळी मूलद्रव्यं त्यात चौकटीचौकटींत बसवली होती. तक्ता इतका लांब, की त्याची खालची कड फरशीपासून वीतभरच वर राहिली. थोरली चौथ्या पायरीवर जुन्या बटणांचा डबा घेऊन बसली. बटणं निवडायची आहेत म्हणाली. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. पण कानांना इयत्ता नसते.

पुतणी शिकवायची छान. एका उभ्या रांगेत बसतात ते एका स्वभावाचे, असं तिने पोरांना सांगितलं. बहुतेकांचं काही ना काही उणंपुरं असतं. कोणाला एक कण हवा असतो, कोणाला एक जड झालेला असतो, म्हणून ते एकमेकांच्या दारात जातात, देवाणघेवाण करतात, संसार मांडतात. उजवीकडच्या शेवटच्या रांगेचं तसं नाही. हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन. त्यांचं बाहेरचं घर पुरतं भरलेलं. त्यांना कोणाचं काही नको आणि कोणाला काही द्यायचं नाही. म्हणून त्यांना राजवायू म्हणतात.

थोरलीला ही रांग एकदम पसंत पडली. घराणं असावं तर असं.

एका चुणचुणीत मुलीने विचारलं, की बाकीच्यांच्या बाहेरच्या घरात आठ-आठ आणि हेलियमकडे दोनच, मग तो या बड्यांच्या पंगतीत कसा. पुतणी म्हणाली, त्याच्या घरात जागाच दोघांची आहे. माणसं किती ते कोणी विचारत नाही, घर भरलं का ते विचारतात. मग तिने गंमत सांगितली, की पहिल्यांदा हा तक्ता मांडला तेव्हा ही रांग त्यात नव्हतीच. अरगॉन तर सगळ्यांच्या नाकाखाली होता, हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग, आणि कोणाला पत्ता नाही. जो कोणाशी भांडत नाही, कोणाशी जुळत नाही, तो आहे हे कळायचं कसं? सापडले तेव्हा घराला बाजूने खोली काढावी तशी त्यांच्यासाठी रांग जोडावी लागली.

त्या दिवशी आभाळ दाटून आलं होतं. पोरं माना खाली घालून लिहीत होती. थोरलीची नजर सहज तक्त्यावर गेली आणि तिथेच राहिली. तक्त्याचा खालचा उजवा कोपरा, ती शेवटची रांग उतरते त्या बाजूचा, भिंतीपासून सुटून वर आला. थांबला. मग सावकाश भिंतीला टेकला. पुन्हा वर आला. झोपलेल्या माणसाच्या छातीवर चादर हलते तसा. ती किती वेळ बघत होती कोण जाणे. मग तिच्या लक्षात आलं, की आपलाही श्वास त्याच लयीत चालला आहे. कोणी कोणाची लय उचलली होती ते तिला सांगता आलं नसतं. डब्यातलं एक बटण पायऱ्यांवरून टणटणत खाली गेलं तेव्हा पोरांनी वर बघितलं, आणि कोपरा गप झाला.

दुसऱ्या दिवशी तिने पुतणीला खिडक्या उघडायला सांगितलं. पुतणी म्हणाली, नको, रस्त्याचा गोंगाट येतो. तुझ्या पट्ट्याच बऱ्या.

थोरली रोज पायरीवर बसू लागली. कोपरा कधी हलायचा, कधी नाही. आभाळ भरलं की जास्त. पोरं मागच्या भिंतीकडे सरकून बसायची, कारण तिथे गारवा होता. पुतणी तर आईच्याच खुर्चीत बसून वह्या तपासायची, मान जराशी डावीकडे कलती करून, थेट धाकटीसारखी. थोरली रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी तिला वाटायचं, झाकली मूठ झाकलेलीच बरी.

तिसऱ्या आठवड्यात रेडॉनची पाळी आली. रांगेतला सहावा, पुतणी म्हणाली. याचंही बाहेरचं घर भरलेलं, हाही कोणाशी संबंध ठेवत नाही. पण याचा गाभा टिकत नाही. आज जेवढा असेल त्यातला निम्मा चार दिवसांत आपण होऊन फुटतो, आणि फुटला की तो राजवायू राहत नाही; त्याचे जड कण होतात, ते धुळीला चिकटतात, श्वासाबरोबर आत जातात आणि छातीत बसून पुन्हा फुटतात.

"मग हा राजा कसला," मागून एक मुलगा म्हणाला. "वरून टेचात आणि आतून फुटका." पोरं हसली.

चुणचुणीत मुलीने विचारलं, की हा आपल्या खडकातून येतो ना. मग या खोलीत असेल का. पोरांचं हसू जरा मावळलं. पुतणीने तक्त्याशेजारी चिकटवलेला नगरपालिकेचा कागद दाखवला.

"ही खोली तीन महिने मोजली आहे," ती म्हणाली. "आणि डबी माझ्या मोठ्या आईच्या ताब्यात होती. तिच्या ताब्यातली सुईसुद्धा इकडची तिकडे होत नाही. तेव्हा बिनघोर बसा."

पंधरा चेहरे वळून थोरलीकडे बघू लागले. सोळावा पुतणीचा, कौतुकाने भरलेला. आणि त्या सगळ्यांच्या मागे, कोणीही बघत नसताना, तक्त्याचा कोपरा वर आला आणि वरच राहिला.

थोरली उठली. बटणांचा डबा कलंडला तो तिने कलंडू दिला.

"पोरांनो, वह्या उचला. वर चला."

"मोठी आई, अजून अर्धा तास आहे."

"वर म्हणते ना. समोरच्या खोलीत. जोडे काढत बसू नका, घालून चला."

जोडे घालून समोरच्या खोलीत, हे ऐकलं मात्र आणि पुतणीचा चेहरा उतरला. घरात काहीतरी मोडलं आहे एवढं तिला कळलं.

पोरं गालिच्यावर, खुर्च्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे बसली. थोरलीने पुतणीला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. तिच्याकडे सांगायला कारणं होती, तीन आठवडे ती तीच जुळवत होती. डबीची भीती वाटली, ध्यानात राहिलं नाही, म्हातारपण. त्यातलं एकही तिने वापरलं नाही.

"डबी मी हलवली होती. दुसऱ्याच दिवशी. कागदावरचा आकडा गच्चीवरचा आहे."

पुतणीने भिंतीला हात टेकला. "का?"

"आकडा जास्त निघाला असता, तर तुझी आई कशाने गेली ते निघालं असतं. म्हणून."

समोरच्या खोलीतून पोरांचा दंगा ऐकू येत होता. पुतणीने ओट्यावरचा कप उचलून जागेवर ठेवला. मग तिने विचारलं, आवाज न चढवता. "आई तुला कधी काही म्हणाली होती?"

"दोनदा म्हणाली. मशीन समोरच्या खोलीत आणू का म्हणून. उजेड चांगला आहे म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, ऊन लागून कापड पिवळं पडेल."

"पडलं असतं?"

थोरलीने तिच्या डोळ्यांत बघितलं. "पडदा लावता आला असता," ती म्हणाली.

पुतणी समोरच्या खोलीत गेली आणि उरलेला अर्धा तास तिने शिकवलं. आवाज नेहमीचाच होता. थोरली दाराआड उभी राहून तो ऐकत होती आणि तो कुठेच फुटत नव्हता. त्या दिवसापासून पुतणी तिला अहो-जाहो करू लागली. जेवायला या, औषध घेतलंत का. एवढंच, आणि वेळच्या वेळी.

मोजणीवाली बाई पुन्हा आली. तिने फेरमोजणीचा अर्ज काढला, कारणाच्या रकान्यात तांत्रिक अडचण असं लिहू लागली. थोरलीने तिचा हात धरला आणि म्हणाली, की यात तंत्र कसलं, माणूस लिहा. बाई म्हणाली, तसं लिहायची गरज नसते. तेव्हा थोरलीने पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं, डबी मी हलवली, आणि खाली सही केली. अर्ज इतका वेळ अडकला, की बाईचा चहा निवून गेला.

तीन महिने डबी त्या कुलूपबंद खोलीत एकटी टांगलेली होती. थोरली स्वयंपाकघरात असली की तिच्या पायांखाली ती असायची. दुपारी सगळं सामसूम झालं की तिला फरशीतून तळव्यांना गार लागायचं, अगदी एका जागी. ती तिथून हलायची नाही. उभी राहायची.

आकडा आला तो सांगितलेल्या मर्यादेच्या अकरा पट. बाईने पुतणीला हळू आवाजात समजावलं, की आकडा खोलीचा असतो, माणसाचा नसतो. अमुक माणूस यानेच गेला असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पुतणीने मान हलवली. थोरलीनेही ऐकलं. त्या वाक्याचा आडोसा तिला घेता आला असता. तिने तो घेतला नाही.

मग कामगारांनी तळघराची फरशी फोडून एक नळ बसवला. तो घराच्या बाहेरून भिंतीला धरून पार छपराच्या वर नेला आणि वरच्या टोकाला लहानसा पंखा बसवला, खालची हवा ओढून आभाळात सोडायला. पंखा कधी बंद होत नाही. नळाला कान लावला तर कोणीतरी बोलायला तोंड उघडावं आणि पहिलाच सूर लांबवत राहावं, असा आवाज येतो.

शिकवणी आता समोरच्या खोलीत भरते. मुलं पंधराची बावीस झाली आहेत. आत मुंगीला वाट नाही, म्हणून दप्तरं बाहेरच्या पायरीवर पडतात आणि त्यांच्याजवळ थोरली बसते. परवा त्यातल्या एका दप्तराचा पट्टा शिवणीतून निखळलेला तिला दिसला. तिने कमरेची सुई काढली, दोरा जिभेवर ओला केला, सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूने गेला. पुन्हा ओला केला. पुन्हा बाजूने गेला. आत पुतणीचा आवाज मध्येच थांबला.

ती दाराशी आली. तिने थोरलीच्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला, टोकाला गाठ मारली, सुई परत दिली आणि आत गेली. शिकवणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

थोरलीने दप्तर मांडीवर ओढलं. टाके सरळ पडतात की नाही ते तिला दिसत नव्हतं. बोटाने आधीचा टाका चाचपून ती पुढचा घालत राहिली.